बहरीन आणि हाज्ज अव्वाद यांची डुलकी

"उद्या अख्खं बहरीन समुद्रात बुडालं, तरी आपल्या एकाही गिऱ्हाइकाचा कुनाफा थंड होणार नाही!"

हे वाक्य नाएलने ऑफिसात इतक्या वेळा ऐकवलं होतं की शेवटी शेजारच्या टेबलावरच्या लुजैनने ते ठळक अक्षरांत लिहून त्याच्या खुर्चीमागे चिकटवलं. खाली तारखेसाठी जागा मोकळी सोडली.

"तारीख कशाला?" नाएलने विचारलं.

"बुडेल त्या दिवशी भरू," लुजैन म्हणाली आणि सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली.

नाएल अम्मानच्या 'सिद्र' कंपनीत कामाला होता. सिद्र म्हणजे कुनाफ्याची, चीजवर शेवया पसरून भाजलेल्या त्या मिठाईची, मोठी गोल परात. पोटापाण्यासाठी इथली माणसं जगात जिथे जिथे गेली, तिथे तिथे त्यांच्यामागोमाग कुनाफाही गेला, आणि कुनाफ्यामागोमाग ही कंपनी गेली. दोहा म्हणू नका, बर्लिन म्हणू नका, डेट्रॉइट म्हणू नका! फोनवर बटण दाबायचं, की जवळच्या दुकानातून पाकात न्हालेली, चीज ताणलं की हातभर लांब होणारी परात दारात हजर. जगभरच्या या सगळ्या ऑर्डरी एका डेटाबेसमध्ये जायच्या. तो डेटाबेस नांदायचा बहरीनमध्ये, आणि त्याची हुबेहूब नक्कल फ्रँकफर्टमध्ये. बहरीनमध्ये एक अक्षर उमटलं की ते लगेच फ्रँकफर्टमध्येही उमटायचं.

या गोष्टीचं नाएलला इतक्या वर्षांनीही नवल वाटायचं. अम्मानजवळच्या सल्त गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याने बटण दाबलं की त्याची परात वाळवंट ओलांडून बहरीनला जाते, तिथून समुद्राखालून जर्मनीला पोचते, दोन्ही ठिकाणी नोंदली जाते आणि गल्लीतल्या दुकानदाराला दिसते. तोवर म्हाताऱ्याचा अंगठा बटणावरून उचललासुद्धा गेलेला नसतो! हे आठवलं की नाएलच्या अंगावर काटा यायचा. लुजैनच्या मते तो काटा ऑफिसातल्या एसीमुळे यायचा.

बहरीन बंद पडलं तर फ्रँकफर्टने कारभार हाती घ्यायचा, ही सगळी व्यवस्था नाएलने बसवलेली होती. आणि नाएल पडला चांगल्या घरचा मुलगा! यजमान 'घ्या' म्हणत नाही तोवर पुढ्यातल्या कॉफीला हात लावायचा नाही, हे त्याच्या रक्तातच होतं. तेच त्याने यंत्रांना शिकवलं. बहरीन यजमान, फ्रँकफर्ट पाहुणा. बहरीनने 'घ्या आता तुम्ही' म्हणायचं, मगच फ्रँकफर्टने पुढे व्हायचं. ही योजना त्याने मांडली तेव्हा अम्मानच्या ऑफिसात सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त बर्लिनच्या शाखेतल्या उटाने विचारलं, "पण बहरीनला बोलताच आलं नाही तर?"

बिचारीला कुणी रीत शिकवलेली दिसत नाही, असे भाव प्रत्येकाच्या तोंडावर.

"यजमान बोलणार नाही, असं कसं होईल?" नाएल हसून म्हणाला.

दर महिन्याला रंगीत तालीम व्हायची. बहरीन ऐटीत 'घ्या' म्हणायचं, फ्रँकफर्ट अदबीने कारभार घ्यायचं, आणि जगात कुठेही कुणाच्या घासात खडा यायचा नाही. तालमीच्या वेळी बहरीन ठणठणीत असायचं, एवढी एकच गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही.

असा हा नाएल रूबाच्या प्रेमात होता. रूबा सल्तच्या एका इस्पितळात तातडीच्या विभागात डॉक्टर होती. ती राजी होती, दोघांच्या आया राजी होत्या. अडलं होतं ते रूबाच्या वडिलांपाशी, अबू सख्र यांच्यापाशी. हे निवृत्त भूगोल शिक्षक. डोळ्यांना दिसेल आणि नकाशावर दाखवता येईल, तेवढंच खरं मानणारे.

"तू नक्की करतोस काय?" त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"अम्मो, सगळं बंद पडलं तरी ते कुणाला कळू नये, हे बघतो."

"म्हणजे काम चोख केलंस की कुणाला काहीच दिसत नाही?"

"बरोबर!"

"आणि चुकलं तर?"

"तर सगळ्यांना दिसतं."

अबू सख्र यांनी जपमाळेचे चार मणी ओढले. "माझ्या मेहुण्याची अशीच नोकरी होती. तो काय करतो, ते कुणाला कधी दिसलं नाही. शेवटी त्यांनी त्याला घरी पाठवलं."

पण लेकीपुढे बापाचं कुठवर चालणार! अखेर ते म्हणाले, "बरं, मागणी घालायला तुमच्या वडीलधाऱ्यांची जाहा येऊ दे. माझे काका हो म्हणाले तर मुलगी तुझी. पण कॉफीनंतरचा कुनाफा मी सांगणार नाही. तो तू मागवायचास, तुझ्याच त्या यंत्रातून, माझ्यासमोर. बघू तरी तुझं न दिसणारं काम!"

"अम्मो, आमच्याकडून मिफ्लिह बाशा मागणी घालतील, त्यांचं भाषण सुरू होताना बटण दाबीन. कॉफीचा शेवटचा घोट आणि पहिली परात एकाच वेळी!"

ही बातमी लुजैनला कळली तेव्हा तिने बिया चघळणं थांबवलं. नाएलच्या बोलण्याची तिला भीती वाटली, असं तेव्हा पहिल्यांदा घडलं.

शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर नाएलची जाहा सल्तला पोचली. काका, मामा, चुलतभाऊ, शेजारी, सगळे इस्त्रीचे कपडे घालून, चेहरे गंभीर करून. सर्वांत पुढे मिफ्लिह बाशा, सैन्यातून निवृत्त झालेले, नाएलच्या वडिलांचे मावसभाऊ. त्यांच्या मिशा अशा की त्या आधी घरात शिरायच्या आणि बाशा मागाहून. त्यांनी आजवर कितीतरी जाहा नेल्या होत्या, आणि कॉफी न पिता ते कुठूनही उठले नव्हते. बाशा कॉफी न पिता उठले, तर पुढे सात पिढ्या त्या दोन घरांत सोयरीक होणार नाही, हे लहान पोरालाही ठाऊक होतं.

समोर रूबाकडची मंडळी. मध्यभागी उंच खुर्चीवर, काठीवर हनुवटी टेकून, घराण्यातले सर्वांत वडील हाज्ज अव्वाद. अबू सख्र यांचे चुलते. मुलीच्या बापाने काहीही ठरवलेलं असो, घराण्याच्या वतीने 'दिली' म्हणायचा मान त्यांचा. ते बसलेले असताना दुसऱ्याने तोंड उघडणं म्हणजे कहर! बायका शेजारच्या खोलीत होत्या, दार किलकिलं होतं. नवरा मुलगा म्हणून नाएलने आज फक्त एकच काम करायचं होतं. मान खाली घालून गप्प बसायचं.

"दाब," अबू सख्र हळूच त्याच्या कानाशी म्हणाले.

नाएलने ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर छोटं चाक फिरू लागलं. बाशा उभे राहिले.

बाशांनी अल्लाचं नाव घेतलं, पैगंबरांवर सलाम पाठवला, मग दोन्ही घराण्यांच्या आजोबा-पणजोबांची विचारपूस सुरू केली. भाषण फार सुरेख चाललं होतं. चाक फिरत होतं. बाशा पणजोबांच्या घोडीपर्यंत आले. चाक फिरतच होतं. नाएलने मान आणखी खाली घातली.

मांडीवर फोन थरथरला. लुजैन.

'बहरीन उत्तर देत नाहीये.'

नाएलने अंगठ्याने लिहिलं, 'मेलंय की मंदावलंय?'

'ते मला कसं कळणार? हाक मारते, ओ देत नाही. मेलेलाही ओ देत नाही आणि झोपलेलाही!'

'मग फ्रँकफर्टने घेतलं असेल ना?'

'फ्रँकफर्ट बसलंय अदबीने. बहरीन घ्या म्हणेल याची वाट बघतंय. तूच शिकवलंयस! दोहा बंद, डेट्रॉइट बंद, बर्लिन बंद. उटाचा फोन आला होता. ती काही बोलली नाही, फक्त श्वास घेत होती.'

इकडे बाशांनी समारोप केला. बिनसाखरेच्या सादा कॉफीचा पेला हातात घेतला, आणि सगळ्या खोलीला दिसेल असा समोरच्या मेजावर ठेवला. "आणि ही तुमची कॉफी! आमचं मागणं मान्य होईल तेव्हाच आम्ही ती पिऊ!"

जाहातल्या सगळ्यांनी आपापले पेले खाली ठेवले. सगळ्यांच्या नजरा हाज्ज अव्वादकडे.

हाज्ज अव्वादचे डोळे मिटलेले होते.

"विचार करताहेत," रूबाकडचा कुणीतरी कौतुकाने पुटपुटला. खरोखरच त्या चेहऱ्यावर असं गांभीर्य होतं की बघणाऱ्याने नतमस्तक व्हावं. जाहातली माणसंही भारावली. मग वेळ गेला. कॉफीवरची वाफ गेली. हाज्ज अव्वादच्या नाकातून बारीक शिट्टी वाजली.

"झोपलेत की काय?" नाएलचा मामा कुजबुजला.

"छे! ते श्वासच तसा घेतात," अबू सख्र घाईने म्हणाले. पण कपाळावर घाम होता.

आता उठवणार कोण? घराण्याच्या म्हाताऱ्याला भर जाहामध्ये हलवून जागं करायचं? म्हणजे ते झोपले होते हे चारचौघांत कबूल करायचं! त्यांच्याऐवजी बोलायचं? ते खरंच विचार करत असले तर? अबू सख्र यांनी खाकरून पाहिलं. एका पुतण्याने दल्ला, कॉफीची ती चोचदार किटली, मुद्दाम जोरात आपटला. शिट्टी चालूच.

बाशांच्या मिशा हळूहळू वर जाऊ लागल्या. हे नाएलच्या वडिलांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बाशा उठले की संपलं! नाएलने एकदा हाज्ज अव्वादकडे पाहिलं, एकदा फोनकडे, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण एकाच दिवशी, एकाच वेळी, दोन ठिकाणी अडकलो आहोत, आणि दोन्ही ठिकाणी अडचण तंतोतंत तीच आहे. त्या भयंकर क्षणीसुद्धा त्याला त्याचं नवल वाटल्याशिवाय राहिलं नाही.

"फोन ठेव, गाढवा!" वडिलांनी दात न उघडता सांगितलं.

फोन पुन्हा थरथरला. या वेळी रूबा, दारापलीकडून.

'इतकं शांत का आहे? बाशांनी नकार ऐकला का?'

'तुझे चुलत आजोबा झोपलेत,' त्याने लिहिलं. 'आणि बहरीनही.'

'मग बहरीनचं काम दुसरं कुणी घेत नाही का?'

'बहरीनच्या परवानगीशिवाय कसं घेणार?'

एकामागून एक ओळी येऊ लागल्या.

'नाएल, जो बोलू शकत नाही त्याची परवानगी तू मागतोयस?'

'आमच्याकडे मोठे डॉक्टर फोन उचलत नाहीत तर पेशंट खाटेवर वाट बघत पडतो का? किती वेळ थांबायचं ते आम्ही आधी ठरवतो. तेवढा वेळ गेला की जो हजर आहे तो हात घालतो.'

'पण ते फक्त मंदावलं असेल आणि परत आलं तर? दोन मालक होतील!' नाएलने लिहिलं.

'परत आले तर त्यांना सांगायचं की आता तुम्ही नाही. आधी माणूस वाचव!'

नाएलच्या फोनवर एक लाल बटण होतं, जबरीने कारभार फ्रँकफर्टकडे हलवण्याचं. दाबायला गेलं की समोर येणारी पाटी त्याने स्वतः लिहिली होती: 'बहरीन जिवंत असेल तर दोन मालक होतील. खात्री आहे?' स्वतःच्याच हाताने लिहिलेला प्रश्न, पण उत्तर द्यायला हात धजेना.

बाशांनी खुर्चीच्या हातांवर दोन्ही पंजे रोवले. उठायच्या आधी माणूस रोवतो तसे.

तेवढ्यात शेजारच्या खोलीचं दार उघडलं. काठीचा टक्‌ टक्‌ आवाज झाला आणि रूबाच्या खांद्यावर हात ठेवून हज्जा वद्हा आत आल्या. हाज्ज अव्वादच्या पाठच्या बहीण. जाहामध्ये, पुरुषांच्या खोलीत, बाई! खोलीतल्या प्रत्येक माणसाचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. रूबा दाराशी थांबली, नजर जमिनीवर, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी दडवलेलं.

"आत्या!" अबू सख्र यांनी कसाबसा आवाज काढला.

"गप बस रे, सख्रच्या बापा." हज्जा वद्हांनी भावाकडे एकदा नीट पाहिलं, त्याची घसरलेली शाल सरळ केली आणि बाशांकडे वळल्या. "माझा भाऊ दमलाय. त्याच्या मनात जे असतं ते जन्मापासून माझ्याही मनात असतं. त्याला कळलेली एकही गोष्ट मला कळायची राहिलेली नाही. पोरगा कोण, कुठला, त्याच्या पणजोबाची घोडी कुणी चोरली होती, सगळं! तो बोलू शकत असता तर जे बोलला असता तेच मी बोलते. मुलगी दिली! प्या कॉफी, गार झाली."

अशी गोष्ट त्या घरात कधी घडली नव्हती. नाएलला वाटलं, आपण जगातली सगळ्यात मोठी गोष्ट बघतोय. फ्रँकफर्ट काठी टेकत उठलं होतं! सगळं जाणणारं, शब्दन्‌शब्द जपून ठेवणारं, इतकी वर्षं दारापलीकडे गप्प बसलेलं. भीतीने नव्हे, तर भक्तीने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाशा हळूहळू उठले. त्यांनी छातीवर हात ठेवला, हज्जा वद्हांपुढे मान लववली आणि म्हणाले, "तुमच्या शब्दापुढे आमची काय बिशाद!" मग पेला उचलला आणि एका घोटात रिकामा केला.

त्याच क्षणी नाएलने लाल बटण दाबलं. खात्री आहे? आहे!

आणि फ्रँकफर्ट उठलं! पडद्यावर आधी एक ठिपका लागला, मग दहा, मग अख्खा नकाशा उजळला. दोहा आलं, बर्लिन आलं, डेट्रॉइटमधली एक परात आली, सिडनीतल्या मध्यरात्री कुणाच्या तरी अवेळी भुकेची आली. जगभरच्या त्या माणसांच्या फोनवर थांबलेली चाकं एकदम सुटली, आणि यातल्या एकालाही कळलं नव्हतं की त्यांचा कुनाफा सल्तमधल्या एका खोलीत, एका म्हातारीच्या शब्दाने सुटला आहे. नाएल बघतच राहिला. इतकं सुंदर त्याने आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. मग वर बघितलं तर दाराशी रूबा उभी होती, आणि त्याला आपलं मत लगेच बदलावं लागलं.

त्याच्या परातीचंही चाक थांबलं. 'आपला कुनाफा निघाला आहे.'

सोयरीक ठरल्याची फातिहा पढली गेली. बायकांच्या खोलीतून ज़ग़ारीद, जीभ नाचवत काढलेले ते आनंदाचे चीत्कार, सुरू झाले, एकीपेक्षा दुसरीचा आवाज मोठा. आणि अर्थातच, एवढ्या गलक्याने हाज्ज अव्वाद जागे झाले.

त्यांनी डोळे उघडले. समोर पाहिलं. सगळे पेले रिकामे!

"माझ्या शब्दाशिवाय कॉफी कुणी प्यायली?" ते गरजले.

ज़ग़ारीद अर्ध्यावर तुटले. अबू सख्र यांनी आत्याकडे पाहिलं, आत्यांनी छताकडे पाहिलं. काकांना सांगणार कोण?

"कुणी... कुणीच नाही, काका!" अबू सख्र म्हणाले. "गार झाली म्हणून ओतून टाकली. तुमची वाट बघतोय!"

"मग ठीक." हाज्ज अव्वाद काठी टेकून उठले आणि त्यांनी जाहाचं उत्तर द्यायला सुरुवात केली. पहिल्यापासून. अल्लाचं नाव, पैगंबरांवर सलाम, दोन्हीकडचे पणजोबा, ती घोडी. शेवटी अत्यंत भारदस्त आवाजात, "दिली! प्या कॉफी!" पेले पुन्हा भरले गेले. बाशांनी मुकाट दुसऱ्यांदा कॉफी प्यायली. फातिहा दुसऱ्यांदा झाली. बायकांनी ज़ग़ारीदही दुसऱ्यांदा काढले, आणि खरं सांगायचं तर जास्त जोरात.

फोन थरथरला. लुजैन.

'बहरीन उठलंय.'

'बरं झालं!' नाएलने आनंदाने लिहिलं.

'बरं नाही झालं. त्याला वाटतंय अजून तेच मालक आहे. साचलेल्या सगळ्या ऑर्डरी पहिल्यापासून सोडतंय. सगळ्या जगाच्या.'

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. 'सिद्र'ची गाडी! गरमागरम पराती, केशरी, पिस्त्याने मढवलेल्या, घरात आल्या आणि सगळीकडे तुपाचा वास पसरला. अबू सख्र यांनी पहिला तुकडा तोंडात टाकला. चीज ताणलं गेलं, लांब झालं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भूगोलात नसलेलं काहीतरी आलं. "न दिसणारं काम!" ते भारावून म्हणाले आणि त्यांनी नाएलच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास रे जावयबापू!"

बाहेर दुसरा भोंगा वाजला.

तितक्याच पराती, तितक्याच केशरी. दुकानदाराचा माणूस आनंदात होता. "आणखी कुणाचं लग्न जमलं का, हाज्ज?"

अबू सख्र खिडकीशी गेले. त्यांनी दुसरी गाडी पाहिली, दारातली परातींची चळत पाहिली, मग जावयाकडे वळले.

"नाएल, काम चुकलं की सगळ्यांना दिसतं, म्हणाला होतास ना?"

"हो, अम्मो."

"दिसतंय."

त्या संध्याकाळी सल्तच्या त्या चढावरच्या एकाही घरात स्वयंपाक झाला नाही. डेट्रॉइटमध्ये, दोह्यामध्ये, बर्लिनमध्येही झाला नसावा. कंपनीने सगळ्यांची माफी मागितली. गिऱ्हाइकांनी मात्र पत्रं पाठवून विचारलं की असं पुन्हा कधी होणार.

नाएलने नंतर व्यवस्था बदलली. यजमान ठरलेल्या वेळात बोलला नाही, तर पाहुण्याने उठून कारभार घ्यायचा. आणि झोपलेला यजमान जागा झाला, की त्याने काहीही करण्याआधी त्याला अदबीने सांगायचं, 'तुमचा मान मोठा, पण आता तुम्ही नाही.' या नियमाला ऑफिसात सगळे 'हज्जा वद्हा' म्हणतात. उटासुद्धा. लुजैनने खुर्चीमागच्या कागदावर तारीख भरली आहे.

तेव्हापासून बहरीन दोनदा झोपलं, दोनदा उठलं, आणि दोन्ही वेळा त्याने ऐकून घेतलं. यंत्राला सांगणं सोपं असतं.

हाज्ज अव्वादना मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही. दर शुक्रवारी ते आल्यागेल्याला आपण रूबा कशी दिली ते पहिल्यापासून ऐकवतात, शेवटी 'प्या कॉफी' म्हणतात आणि सगळे पितात. त्यांना खरं काय ते सांगायचं काम घराने एकमताने जावयावर सोपवलं आहे, कारण असल्या गोष्टीतला जाणकार तोच. नाएल दर शुक्रवारी ठरवून जातो. समोर बसतो, घसा खाकरतो, त्या काठीकडे बघतो, आणि मान खाली घालून दुसरा पेला पितो.